श्रीलंका, दिवस २१: कट-कट थांबली, पेडल मात्र हलेना

सुटलं एकदाचं! शुक्रवारी सकाळी, म्हापशाचा बाजार ऐन भरात असताना, मिस्त्रींच्या वाइसमध्ये (लोखंडी शिकंज्यात) धरलेल्या क्रँकमधून, म्हणजे पेडल ज्यात बसतं त्या दांड्यातून, माझं डावं पेडल बाहेर आलं. भाच्याबरोबरची २१ दिवसांची श्रीलंकेची सायकल टूर उरकून नेगोंबोहून परतून तेव्हा आठ दिवस झाले होते. या आठ दिवसांत "संपली काय टूर?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी "अजून नाही" म्हणत होतो. माझ्या हिशेबी शेवटचा दिवस त्या पेडलात अडकून पडला होता.

तर दिवस २१. कँडी ते नेगोंबो, १०६ किलोमीटर. नुवारा एलियाच्या १८६८ मीटरवरून खाली आल्यावर पायांत फारसं काही उरलं नव्हतं, पण हा दिवस बहुतेक उताराचाच. पावणेसहाला निघालो. कडुगन्नावा घाटाच्या माथ्यावर हा रस्ता बांधणाऱ्या कॅप्टन डॉसनच्या स्मरणार्थ बांधलेला मनोरा आहे, पुढे रस्त्यालगत खडक फोडून काढलेली जुनी वाट आहे. चोर्ला घाटाची सवय असलेल्याला हा घाट म्हणजे अगदी लाडाचा. पाय थांबवून मी नुसता खाली येत होतो, आणि म्हणूनच सगळं शांत होतं.

कारण पाय फिरले की कट. मागच्या नोंदीतली तीच ती कट-कट, हापुतळेपासून पिच्छा न सोडणारी. प्रत्येक फेऱ्याला एकदा, डावा पाय खाली जाताना. बीबीवर (क्रँक ज्यावर फिरतो त्या बेअरिंगवर) संशय घेऊन झाला, चेनरिंगचे, म्हणजे पुढच्या दातेरी चाकाचे, बोल्ट आवळून झाले, सीटपोस्ट काढून पुसून परत बसवली. भाचा तर पॅनियरच्या (कॅरियरला लटकवायच्या बॅगांच्या) हुकांना रबर गुंडाळून मोकळा झाला. आवाज तसाच. मवानेला, केगल्ले, वराकापोला अशी गावं त्या तालावर मागे पडत गेली.

पस्यालाच्या आसपास कजुगम लागतं, म्हणजे काजूचं गाव. रस्त्याकडेला टपऱ्या मांडून बायका काजू विकत बसलेल्या. सिंहलीतही 'कजु'च. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेलं झाड दोन्हीकडे एकाच नावानं रुजलं. पाव किलो घेतला. चव बरी, पण आमच्या पेडण्याच्या भट्टीतल्या काजूची सर नाही. हे मी तिथं बोललो नाही. तेवढ्यात चून पानवाली, म्हणजे फिरून पाव विकणारी, रिक्षा आली, बीथोव्हनची 'फ्यूर एलिझे' धून वाजवत. 'पान' म्हणजे आपला पाव, मूळ पोर्तुगीजच. आमच्या गोव्यातल्या पोदेराची (पाववाल्याची) पों-पों ऐकून वाढलेल्या माणसाला पाव विकायला बीथोव्हन म्हणजे जरा जास्तच वाटतं. पण गरम बन सुरेख होते.

नित्तंबुवाला मुख्य रस्ता सोडला आणि वेयांगोडा, मिनुवांगोडा करत दुपारी दोनला नेगोंबो. माझे जाड मॅरेथॉन टायर २१ दिवसांत एकदाही पंक्चर झाले नाहीत. ज्यांनी "जड आहेत, नको" असा सल्ला दिला होता त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

जिथं उतरलो त्या घरच्या आजींना 'गोवा' म्हटल्याबरोबर त्यांनी भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट दाखवलं. संत जोसेफ वाझ. बाणावलीत जन्मलेला माणूस, १७११ मध्ये कँडीत वारला, आणि २०१५ मध्ये पोपनी कोलंब्यात येऊन त्यांना संत जाहीर केलं. आम्ही सकाळी त्याच कँडीहून निघालो म्हटल्यावर चहाबरोबर केळीही आली. बाहेर पडवीत सायकलचे खोके उभे होते. दुकानातून फुकट मिळालेले, आणि जाडीला उत्तम.

आता पेडल. विमानासाठी सायकल खोक्यात घालायची तर पेडलं काढावी लागतात.

माझ्या पेडलांना बाहेरून १५ एमेमचा पाना लावायला जागाच नाही, फक्त मागून आठ एमेमची अ‍ॅलन की (षटकोनी की). (पुन्हा असली पेडलं घेणार नाही.) उजवं पेडल भाच्यानं दोन मिनिटांत काढलं. डावं माझ्याकडे. डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात हे आपल्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. साधा स्क्रू घड्याळाच्या उलट सुटतो, म्हणजे हा घड्याळाप्रमाणे सुटणार. की लावली, घड्याळाप्रमाणे ओढली. ढिम्म.

मल्टिटूलवरची आठची की ही वस्तू नेमकी कुणासाठी बनवतात? दांडा बोटभर, हातात धरायची जागा धारदार. दहा मिनिटांत तळहाताला फोड. मग तेल फवारलं, अर्धा तास थांबलो, पुन्हा ओढलं. की जमिनीवर टेकवून वर उभा राहिलो. भाचा म्हणाला, "मामा, तुला खात्री आहे ना, याच बाजूला?" मी त्याला उलट्या आट्यांचं शास्त्र सांगितलं.

कोपऱ्यावर रिक्षा दुरुस्त करणारा एक जण होता. त्यानं लांब अ‍ॅलन की आणली, तिच्यावर हातभर पाइप चढवला आणि पेडल एकदा नीट बघून पाइप एका बाजूला ढकलायला घेतला. मी त्याचा हात धरला. "नो नो, लेफ्ट पेडल, रिव्हर्स!" त्यानं माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि मी सांगितलं त्या बाजूला सगळं वजन टाकलं. पेडलानं 'कुर्र' केलं. मी टाळी वाजवली. पुढे काही नाही.

संध्याकाळी चिकटपट्टी संपली म्हणून उजवं पेडल पुन्हा हातानं बसवून मी दुकानात गेलो. दीड किलोमीटर जाऊन परत. आणि कट-कट गायब! पूर्ण गायब. तेल आत मुरलं असणार, असं मी अभिमानानं भाच्याला सांगितलं. इथंच माझी ट्यूब पेटायला हवी होती.

रात्री साडेनऊला कल्पना सुचली: पेडल निघत नाही तर आर्मच, म्हणजे क्रँकचा दांडाच, काढू. माझ्या हॉलोटेक प्रकारच्या क्रँकचा डावा आर्म दोन पाच-एमेमच्या बोल्टांवर असतो. ते ढिले केले, मधली छोटी प्लेट टाचणीनं उचलली. राहिली टोकाची प्लॅस्टिकची टोपी. तिचं खास टूल घरी, पेडण्यात, कपाटात. पण ती टोपी मुळात हलकीच आवळायची असते, जेमतेम एक न्यूटन-मीटर जोरानं. आजींच्या नोजप्लायरची तोंडं आत घालून फाकवली, आणि टोपी हळूच फिरली. २१ दिवसांत मला इतका आनंद एल्लाच्या नऊ कमानींच्या पुलावरही झाला नव्हता. आर्म पेडलासकट टॉवेलात गुंडाळला. खोकं बंद झालं. मुंबईमार्गे गोव्यात मोपा विमानतळावर आलो, पट्ट्यावर खोकं शाबूत.

घरी आठ दिवस रोज तेल, रोज जोर. काही नाही. शेवटी आर्म कापडी पिशवीत टाकून म्हापशाला. हे मिस्त्री पोदेरांच्या सायकली दुरुस्त करतात. त्यांच्या भिंतीवर कॅटलॉग नाही, पण वाइस माझ्या वयाचा आहे. त्यांनी आर्म हातात घेतला, मागून बघितलं आणि विचारलं, की कुठं फिरवलीस? मी हवेत करून दाखवलं. ते हसायलाच लागले. "हें तुवेंच आवळ्ळां मरे!" (हे तूच आवळलंस रे!)

डावे आटे घड्याळाप्रमाणे सुटतात ते पेडलाच्या बाजूनं बघितल्यावर. मी की लावली होती मागून. मागून बघितलं की दिशा उलटते, म्हणजे उलट्याचं उलट, म्हणजे साध्या स्क्रूसारखं. नेगोंबोत संध्याकाळभर, आणि नंतर पेडण्यात आठ दिवस, मी माझंच पेडल आवळत होतो. त्या रिक्षा दुरुस्त करणाऱ्याचा हात बरोबर बाजूला होता आणि मीच तो फिरवला.

आणि कट-कट? ती ढिल्या पेडलाचीच होती. पहिल्या रात्री कोलंब्याच्या विमानतळाबाहेर मी दोन्ही पेडलं त्या बोटभर कीनं, ग्रीस न लावता बसवली होती. ३५ ते ५५ न्यूटन-मीटर हवं असताना दहा-पंधरा लागलं असेल. हापुतळ्याला कुणी मला एक लांब की दिली असती तर आवाज तिथंच संपला असता.

मिस्त्रींनी लाकडाच्या दोन तुकड्यांत आर्म धरला, हॉट एअर गननं तापवला. त्याच उष्णतेला अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे भोक सैल होतं आणि पेडलाचा दांडा मागे राहतो. मग लांब दांड्यावर हातोडीचा एक ठोका. टण्ण. आट्यांतून पांढरी भुकटी सांडली, हरमलच्या वाळूतल्या फेऱ्यांची खारी कमाई. बाहेरच्या दोन आट्यांची धार गेली आहे, बाकीचे शाबूत.

नवा १७० एमेमचा डावा आर्म मागवायचा असं ठरवलं होतं, ऑर्डरही अर्धी भरून ठेवली होती. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, आधी नऊ-सोळांश इंची, इंचाला वीस आट्यांचा डावा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून बघू. मिस्त्रींकडे उजवा आहे, डावा नाही. कुणाकडे असेल तर दोन दिवसांसाठी द्या, टॅपबरोबर काजू परत येतील. आणि अजून एक: यापुढे डावं पेडल काढायचंच कशाला? खोक्यासाठी आर्मच काढावा. दोन बोल्ट, एक टोपी, आणि ते छोटंसं प्लॅस्टिक टूल टूलबॅगेतच ठेवायचं. उजव्या बाजूचं कोडं राहतंच, पण उजवं भाचा काढतो.

त्याला विचारलं, तुला दिशा कशी कळली? म्हणाला, "मामा, मी दिशेचा विचारच करत नाही. पाना वर उभा धरतो आणि मागच्या चाकाकडे ढकलतो. दोन्ही पेडलांना तेच." मग नेगोंबोत बोलला का नाहीस? "तू शास्त्र सांगत होतास ना."

टॅप मिळाला तर रविवारी केरीहून फेरीनं तेरेखोलला जाऊन येतो, ग्रीस लावून, घरचा लांब पाना वापरून. पाना भाचा धरणार आहे.