सास-फे आराखडा, नोंद चौथी: वाइसमीस, आल्या वाटेने परत

मागच्या नोंदीत मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, ‘आराखडा पक्का’. तीन आठवड्यांत त्यातला निम्मा खोडला. उरलेला उलटा केला.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: सास-फे हे स्वित्झर्लंडच्या वालिस भागातलं १८०० मीटरवरचं गाव. म्हणजे गावच कळसूबाईपेक्षा दीडशे मीटर उंच. आत खासगी मोटारींना बंदी. वेशीवर गाडी लावायची आणि पायी आत शिरायचं. भोवती चार हजारी शिखरांची रांग. आम्ही तिघं: मी, धाकटा भाऊ आणि गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्सपासूनचा आमचा दोरभिडू. जुलैचा शेवटचा आठवडा धरून नऊ दिवस, गाइडशिवाय.

पहिल्या आराखड्यात चार शिखरं होती: आलालिनहॉर्न, वाइसमीस, लागिनहॉर्न, नाडेलहॉर्न. कागदावर चारही झकास बसत होती. शिखरांची यादी आधी लिहून दिवस मागून चिकटवले की काहीही बसतं.

मोडता घातला भावाने. वही चाळली आणि म्हणाला, “दादा, सगळं चढायचंच लिहिलंयस. उतरायचं कुठाय?” पाहिलं तर खरंच. चढाईचा अर्ध्या-अर्ध्या तासाचा हिशेब, आणि माथ्याच्या पुढे सगळीकडे एकच ओळ: ‘उतरण, ३ तास’. चारही शिखरांना तीनच तास! सह्याद्रीत इतकी वर्षं गुडघे झिजवून मी हे लिहिलं होतं.

शेजारच्याच खोऱ्यात १४ जुलै १८६५ ला सात जण मॅटरहॉर्नच्या माथ्यावर पहिल्यांदा पोचले आणि उतरताना त्यातले चार गेले, हे आपल्यातल्या प्रत्येकाला पाठ असतं. आमच्या यादीतल्या लागिनहॉर्नवर ३ जुलै २०१२ ला पाच गिर्यारोहक कोसळून गेले, तेही माथा गाठून परतताना. दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या. वही मात्र माथ्यावरच संपत होती.

मग प्रत्येक दिवस शेवटाकडून लिहायला घेतला. दुपारी बाराला हटच्या (डोंगरातल्या मुक्कामाच्या घराच्या) दारात, तिथून मागे मोजत यायचं. यात सगळ्यात जास्त बदललं ते वाइसमीस.

वाइसमीसला दोन वाटा जास्त चालतात. एक वायव्येकडून. रोपवेने होसासला, ३१४२ मीटरवर जायचं आणि थोड्याच वेळात दोर बांधून ट्रिफ्ट हिमनदीवर पाय ठेवायचा. दुसरी मागच्या बाजूने: खालच्या सास-आल्मागेलहून चालत आल्मागेलर हट (२८९४ मी.), तिथे मुक्काम, पहाटे ३२६८ मीटरची त्स्विशबेर्गेनपास खिंड, आणि खिंडीतून आग्नेय धारेने माथा. या वाटेवर बराचसा खडक, हिमनदी नावापुरती. दोन्हींची अवघडपणाची श्रेणी पीडी. फ्रेंचमध्ये याचा अर्थ ‘फारसं अवघड नाही’. या तीन शब्दांनी किती जणांना गाफील केलं असेल, देव जाणे.

आमचा बेत धारेने चढून वायव्येकडून उतरायचा होता. ऐकायला छान, डोंगर अख्खा ओलांडल्याचं समाधान, शिवाय खाली जायला रोपवे, म्हणजे गुडघेही खूश. पण नीट विचार केला तर ज्या हिमनदीवर आम्ही कधी पाय ठेवलेला नाही, ती पहिल्यांदा भेटणार उतरताना. दहाच्या उन्हात, थकलेल्या पायांनी, आणि वरून. चढताना हिमभेगेचा वरचा काठ समोर दिसतो. उतरताना तोच काठ पायाखाली असतो आणि पुढे नुसतं पांढरं दिसतं. उन्हाळा सरत जातो तसे भेगांवरचे बर्फाचे पूलही बारीक होत जातात. त्यात शेवटचा रोपवे चुकेल या घाईने माणूस नको तिथे पाय उचलतो.

त्या उतारावर लटकते हिमकडे आहेत, तो मुद्दा वेगळाच. याच खोऱ्याच्या टोकाला, मात्मार्कला, ३० ऑगस्ट १९६५ ला आलालिन हिमनदीची जीभ तुटून धरणाच्या कामगारांच्या वस्तीवर आली. ८८ माणसं गेली. लवकर निघा म्हणजे धोका टळतो, हा नियम मऊ होणाऱ्या बर्फाचा आहे. हिमकडा घड्याळ बघून कोसळत नाही. त्यामुळे तिथे पहाटे गेलो तरी जुगार थोडाच कमी होतो. (ज्यांनी ती वाट केली आहे त्यांना नावं ठेवत नाही. आमच्या वकुबाची गोष्ट आहे.)

तर आता धारेनेच वर आणि धारेनेच खाली. हटपासून माथा ११२० मीटरच्या आसपास. पाठीवर दहा किलो घेऊन आम्ही इकडे ताशी ४०० मीटर चढतो, पण चार हजारावर तोच आकडा धरणं म्हणजे स्वतःलाच टोपी घालणं. ३०० धरला. पावणेचार तास, वर दोर आणि क्रॅम्पॉन (बर्फासाठी बुटांना लावायचे काटे) यांच्या खटपटीला पाऊण. चारला निघालो तर साडेआठला माथा, बाराला हट. साडेनऊ वाजता जिथे असू तिथून परत, मग माथा हाताच्या अंतरावर असला तरी. आणि त्या दिवशी खाली गावात धावायचं नाही, हटमध्येच दुसरी रात्र. या जास्तीच्या रात्रीने लागिनहॉर्न खाल्लं. हरकत नाही.

नकाशाबद्दल विचारणा झाली होती, म्हणून जरा सविस्तर. मी १:२५,००० चा, १३२९ क्रमांकाचा ‘सास’ हा कागदी ताव वापरतोय. उंचीच्या रेषांचे रंग आधी बघा: मातीवर तपकिरी, खडक आणि दगडगोट्यांवर काळ्या, हिमनदीवर निळ्या. दोन रेषांत २० मीटर. आता फूटपट्टी लावा. रेषा १.४ मिलिमीटर अंतरावर असतील तर उतार ३० अंश, ०.८ वर आल्या की ४५. स्विसटोपोच्या (तिथल्या सरकारी नकाशा खात्याच्या) डिजिटल नकाशात ३० अंशांपुढचे उतार रंगवून दाखवणारा थर आहे, तो एका बोटावर दिसतो. तरी मी भिंग आणि पट्टी घेऊन आग्नेय धार तुकड्या-तुकड्याने मोजली. दोन रात्री गेल्या. पण आता डोळे मिटले तरी धार कुठे आवळते ते दिसतं. फक्त निळ्यावर फार भरवसा नको. हिमनदी मागे हटत जाते, छापलेला ताव तसाच राहतो. अलीकडचं हवाई छायाचित्र शेजारी ठेवूनच वाचा.

दोराच्या सरावाची प्रगती: बरी, पण आधी फजिती. भेगेत पडलेला माणूस म्हणून साठ किलोचं वाळूचं पोतं कड्यावरून सोडलं. ८.५ मिमीचा दोर आणि प्रुसिकला (भार आला की दोरावर आवळणाऱ्या गाठीला) ७ मिमीची दोरी, कारण घरात तीच होती. पोत्याचा भार आला आणि गाठ दोरावरून सरळ घसरत गेली, लोण्यातून सुरी जावी तशी. जाड दोरी बारीक दोराला चावत नाही, एवढंच. ६ मिमीची आणून तीन वेढे घेतले तेव्हा पकड बसली. पोतं वर काढायला पहिल्यांदा ४३ मिनिटं लागली होती, परवा १९. अजून जास्तच आहेत.

आलालिनहॉर्न ठेवलंय, पण सातव्या दिवशी. इथे मोह मोठा आहे: १९८४ पासून डोंगराच्या पोटातून मेट्रो आल्पिन धावते आणि साडेतीन हजारांच्या जरा खाली नेऊन सोडते. वर जेमतेम पावणेसहाशे मीटर. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी उरकता येईल असं वाटतं. शरीराला मात्र रेल्वेचं वेळापत्रक कळत नाही. तीन हजारांच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा डॉक्टरांचा दंडक. आमच्या रात्री त्याखाली असल्या तरी पहिले दोन दिवस गावात झोपायचं, दिवसा ब्रिटानिया हटपर्यंत (३०३० मी.) जाऊन परत यायचं. मग आल्मागेलर. उरलेले दिवस हवेसाठी मोकळे.

नाडेलहॉर्न या खेपेला नाही. नुसत्या मिशाबेल हटलाच गावातून दीड हजार मीटरची चढण आहे, म्हणजे समुद्रकाठावरून कळसूबाई चढायला घेतल्यासारखं. भावाला वाईट वाटलं, मला अजिबात नाही.

हवेबद्दल एकच अट लिहून ठेवली आहे. शून्य अंशाची रेषा (हवेचं तापमान ज्या उंचीवर शून्याला येतं ती) चार हजारांच्या बरीच वर असेल आणि रात्री ढगही असतील, तर हिमनदीवर जायचं नाही. निरभ्र रात्री बर्फ आपली ऊब आकाशाला देऊन गोठतं, पण ढग ती अडवून धरतात. ऑगस्ट २०२३ मध्ये स्वित्झर्लंडवर ही रेषा ५२९८ मीटरवर मोजली गेली, म्हणजे देशातल्या सगळ्यात उंच शिखराच्याही वर. तसा आठवडा आमच्या वाट्याला आला तर आलालिनहॉर्नही गेलं.

हटच्या दोन रात्री ठरल्या. वालिसमधला बचावाचा क्रमांक १४४ तिघांच्या फोनमध्ये गेला. अडलंय ते भावाच्या नव्या बुटांपाशी: क्रॅम्पॉनची टाचेकडची कळ बसते, पण घरात जिना चढताना डावा निघून आला. दुकानदार म्हणतो बूट बदला, दोरभिडू म्हणतो क्रॅम्पॉन बदला. कुणी कळीऐवजी पट्ट्यांचे क्रॅम्पॉन वापरले असतील तर सांगा, रविवारी पुन्हा दुकानात जायचंय.