तडा पट्टीच्या टोकाशी गेला होता: आमची वाटचाल

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील आमचा गाळा आज रोल केज (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा पाइपांचा पिंजरा) आणि ऑफ-रोड गाड्यांच्या चॅसी, म्हणजे सांगाडे, बनवणारा म्हणून ओळखला जातो. पण सुरुवातीला आम्ही खिडक्यांच्या ग्रिल आणि सोसायट्यांची गेट करत होतो, हे सांगण्यात मला कमीपणा वाटत नाही. माझे भागीदार, ज्यांना सगळा गाळा अण्णा म्हणत असे, बॉयलरच्या कामावर हात बसलेले वेल्डर होते. गेटला ६०१३ हा वेल्डिंगचा साधा रॉड पुरतो, हे मी सांगून थकलो, तरी ते जोखमीच्या जोडांसाठीचा ७०१८च वापरत आणि तोही ३०० ते ३५० अंशांवर तासभर भाजून घेतल्याशिवाय होल्डरला लावत नसत. पावसाळ्यात उघडा पडलेला रॉड हवेतले पाणी ओढतो आणि त्या पाण्यातला हायड्रोजन जोडात शिरून तडे पाडू शकतो, हे ज्याला पटत नाही त्याने निदान जूनपासून चार महिने तरी रॉडचा ओव्हन बंद ठेवू नये.

चॅसीच्या कामात आम्हाला ओढले ते नौपाड्यातील एका दंतवैद्यांनी. जुन्या एमएम ५४० जीपचे इंजिन आणि दोन्ही ॲक्सल घेऊन, केवळ स्पर्धेच्या ट्रॅकवर चालवायची गाडी त्यांना नव्याने बांधून हवी होती. शनिवारी दवाखाना आटोपला की डॉक्टरसाहेब स्टेशनजवळच्या कुंजविहारचे वडापाव घेऊन येत आणि होल सॉने (गोल करवतीने) पाइपला अर्धगोल खाच पाडण्याचे काम तासन्‌तास पाहत बसत. एक पाइप दुसऱ्याला असा बिलगला पाहिजे की मधून उजेड दिसता कामा नये, ही अण्णांची अट होती. फट राहिली तर ती भरायला जास्त धातू आणि जास्त उष्णता ओतावी लागते, आणि चौकट तिथूनच वाकडी व्हायला लागते. ती गाडी उतरली आणि पुढची सहा-सात वर्षे कामाला खंड पडला नाही.

मग तो तडा गेला. डॉक्टरसाहेबांनी मोठे टायर आणि लांब शॉक ॲब्सॉर्बर घेतले होते, म्हणून मागच्या शॉकच्या ब्रॅकेटजवळचा जोड मजबूत करायचे ठरले. पाइपची भिंत ३ मिलिमीटरची होती आणि मी तिच्यावर ८ मिलिमीटर जाडीचे त्रिकोणी गसेट, म्हणजे कोपऱ्याला आधार देणारी पट्टी, बसवले. अण्णा नको म्हणत होते. मी ऐकले नाही. वर शोभा म्हणून गसेटच्या टोकाशी पाइपवर आडवा वेल्डही मारला. तिसऱ्याच स्पर्धेत पाइप फाटला, पण जोडात नव्हे. तडा गेला होता गसेट जिथे संपते त्या आडव्या वेल्डच्या कडेला, उष्णतेने पोत बदललेल्या पट्ट्यात. गसेटखालचा भाग इतका ताठ झाला होता की सगळे लवणे त्याच्या टोकाशी येऊन थांबले, आणि त्याच रेषेत मी वेल्डची कड ठेवून दिली होती.

चूक माझी होती आणि ती मी त्याच दिवशी कबूल केली. परंतु रबाळ्यातील एका वर्कशॉपच्या मालकांनी, ज्यांचे नाव मी घेणार नाही, त्या तड्याचा फोटो मिळवला आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला वर्षभर दाखवला. हाती आलेली तीन कामे परत गेली. त्यांच्या स्वतःच्या चौकटी दिसायला आरशासारख्या होत्या, कारण ते प्रत्येक जोड ग्राइंडरने घासून सपाट करत. समोरासमोरच्या, आरपार भिनलेल्या जोडाचा उंचवटा घासला तर एक वेळ चालते. पण फिलेट, म्हणजे दोन तुकड्यांच्या कोपऱ्यात भरलेला वेल्ड, घासली की तिचा गळाच, म्हणजे कोपऱ्यापासून वरपर्यंतची जाडी, कमी होतो, आणि ताकद गळ्यात असते. हे मी किती जणांना सांगितले असेल! गिऱ्हाईक बोट फिरवून पाहते आणि गुळगुळीत लागले की खूश होते.

त्यातच जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, की उत्पादकाच्या मूळ रचनेपासून फारकत घेणारे बदल वाहनात करता येणार नाहीत. रस्त्यावरच्या जीपची चौकशी जवळजवळ थांबली. बँकेचे हप्ते थकले, बारीक कामाचे टिग वेल्डिंग मशीन विकावे लागले, आणि अण्णांनी दोन महिने घरी पैसे नेले नाहीत. त्या काळात एकच गाडी गाळ्यात परत आली, आणि ती डॉक्टरसाहेबांची होती. ते म्हणाले, “कीड कुठे आहे ते कळल्यावर मी दात काढत नाही. तुम्हीही चौकट फेकू नका.”

आम्ही तो तुकडा कापून काढला. नवा पाइप सरळ न जोडता तिरपा कापून, आत स्लीव्ह (आतून बसणारी नळी) सरकवून, बाजूंना भोके पाडून प्लग वेल्डने, म्हणजे ती भोके वेल्डने भरून, पकडला. गसेट या वेळी ३ मिलिमीटरच्याच पत्र्याचे, दुमडून पाइपला दोन्ही अंगांनी कवेत घेणारे केले, कारण सपाट पट्टी पाइपच्या मधोमध उभी राहिली की जोर आल्यावर सुरीसारखी भिंतीत घुसते. गसेटचा आतला कोपरा छाटला, जेणेकरून ते मूळ वेल्डवर चढून बसू नये. चॅसीच्या चौकोनी रेलवर (लांब दांड्यांवर) मजबुतीसाठी लावायच्या पट्ट्यांना आम्ही तेव्हापासून हिऱ्यासारखी टोके देतो, म्हणजे वेल्ड तिरका जातो आणि एकाच आडव्या रेषेत सगळा कमजोरपणा साठत नाही. रबाळ्याच्या मंडळींनी तो आकार उचलला, मात्र टोकाशी पुन्हा आडवा वेल्ड मारून ठेवला.

आम्हाला सावरले ते बाहा या विद्यार्थ्यांच्या ऑफ-रोड गाड्यांच्या स्पर्धेसाठी बग्ग्या बांधणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी. त्या नियमांत २५ मिलिमीटर व्यासाचा, ३ मिलिमीटर भिंतीचा आणि किमान ०.१८ टक्के कार्बनचा पाइप सांगितलेला असतो, आणि वेल्डचे नमुने तोडून व कापून दाखवावे लागतात. आमचा पहिला नमुना तोडला तेव्हा पाइप फाटला, जोड तसाच राहिला. अण्णांनी तो तुकडा खिशात घालून घरी नेला.

डॉक्टरसाहेबांची गाडी दर मे महिन्यात येते. जोड घासून साफ करायचा, लाल द्रव फवारून थांबायचे, पुसायचे आणि पांढरा डेव्हलपर मारायचा. पृष्ठभागापर्यंत आलेला तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. आजवर उमटलेली नाही. गेल्या मे महिन्यात त्यांच्या गाडीमागे रबाळ्याहून एक चौकट टेम्पोतून आली, हिऱ्याच्या टोकाशी आडवी फाटलेली. आम्ही ती दुरुस्त करून दिली. फोटो काढला नाही. बिल मात्र पूर्ण लावले.