पायाखालची नावं

मंगळवार

आजही मान खाली घालूनच फिरलो. लेक म्हणते, "बाबा, लोकांना वाटेल तुमचं काही पडलंय."

तिचं घर आल्बनीत, कॅलिफोर्नियातल्या छोट्याशा गावात. सोलानो अव्हेन्यूनं चढ चढत गेलं की कुठे आल्बनी संपून बर्कली सुरू झालं ते कळत नाही. जुन्या फुटपाथांवर जागोजागी कंत्राटदारांची नावं काँक्रीटमध्येच उमटवलेली आहेत. बर्कलीच्या बाजूला 'श्नूर' तर इतक्यांदा भेटतो की आता ओळखीचा वाटतो.

शिक्का मारायचा तो थापी फिरवून झाल्यावर, काँक्रीट घट्ट व्हायच्या आत. घाई केली तर अक्षरं भरून येतात, उशीर झाला तर उमटतच नाहीत. म्हणजे हे नाव लिहिणारा माणूस शेवटपर्यंत कामावर थांबलेला होता! मला त्यातलं हेच सगळ्यात आवडलं.

दोन घरं ओलांडली की नाव बदलतं, याचं पहिल्यांदा नवल वाटलं. इथे घरासमोरच्या फुटपाथची डागडुजी घरमालकाच्या गळ्यात. राज्याच्या १९११ च्या कायद्यातच तसं आहे. ज्यानं त्यानं आपापला कंत्राटदार गाठायचा. मग शिक्का म्हणजे शेजाऱ्यासाठी जाहिरात, आणि काम फसलं तर पुरावाही.

काही गावांत 'डब्ल्यूपीए' अशी अक्षरं सापडतात म्हणे. ते खाजगी कंत्राटदाराचं नव्हे. मंदीत रूझवेल्ट सरकारनं १९३५ मध्ये काढलेलं रोजगाराचं खातं. आपली रोजगार हमीच की! १९४३ मध्ये बंद होईतो सुमारे ८५ लाख लोकांना त्यानं काम दिलं. शिक्का मात्र खात्याचा, घमेलं उचलणाऱ्याचा नाही.

आमच्याकडे मंगळुरी कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव असतं. रस्त्याच्या कामावर असते ती कोनशिला, तीही भूमिपूजन करणाऱ्याची. माझं नाव एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमापाच्या वहीत, सहीच्या रूपात, आणि एमबी कपाटात. एका तालुक्याच्या गावी मी पास केलेली गटाराची झाकणं दुसऱ्याच पावसाळ्यात तडकली. त्यांच्यावर पुरेसं पाणी मारलं जात नव्हतं, हे मला ठाऊक होतं. झाकणावर माझं नाव उमटणार असतं तर मी तिथे पाइप धरून उभा राहिलो असतो.

कोपऱ्यावर झाडाच्या मुळांनी एक लादी चांगली दोन इंच उचलली आहे. काल तिच्यावर पांढऱ्या रंगाची खूण दिसली. फोडणार.

संध्याकाळी नातवाचा कागद आणि मेणाचा खडू घेऊन गेलो. गुडघे टेकले. "आबा, मी घासतो, तुम्ही कागद धरा," म्हणाला. श्नूर नीट उतरला. खालची ओळ तड्यात गेली होती. तिथे नुसता निळा रंग आला. उठताना त्याचाच हात धरावा लागला.

कागद सध्या फ्रिजवर, चुंबकाखाली.