आकृतीपुढे अर्धा तास

दहावीच्या मुलांचे पालक दरवर्षी मला एकच प्रश्न विचारतात: बाई, सूत्रे पाठ करून घेऊन भराभर गणिते का सोडवून घेत नाही, एकेका आकृतीपुढे मुलांना अर्धा अर्धा तास का बसवता? तुम्ही विचारलेत म्हणून एकदा नीट सांगते.

देवगडला शिकवणी सुरू केली तेव्हा मीही सूत्रेच घोकून घेत असे. गणित भाग 2 चा पेपर 40 गुणांचा, वेळ दोन तास, त्यात विचार करत बसायला सवड कुठे, असे मीच पालकांना ऐकवत असे.

एका पावसाळ्यात मी फळ्यावर गणित लिहिले: दीपगृहाचा माथा समुद्रसपाटीपासून 60 मीटर उंच आहे आणि तेथून एक होडी 30 अंशांच्या अवनत कोनात दिसते, तर होडीचे आडवे अंतर किती? अवनत कोन आडव्या रेषेपासून खाली मोजायचा असतो. घाईत मी तो उभ्या रेषेशी दाखवला आणि 20√3, म्हणजे सुमारे 35 मीटर, असे उत्तर काढले. मागच्या रांगेतून बंदरावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, होडी इतक्या जवळ कशी येतली? खडकार आपटतली." मी तिला टॅनचे सूत्र म्हणायला लावले. तिने ते अचूक म्हटले. "मग उत्तर चुकेल कसे?" असे सर्वांसमोर विचारून मी तिला खाली बसवले. रात्री वह्या तपासताना चूक दिसली. कोन 45 अंशांपेक्षा लहान असेल तर अंतर उंचीपेक्षा जास्तच निघायला हवे. खरे उत्तर 60√3, सुमारे 104 मीटर. दुसऱ्या दिवशी मी उत्तर दुरुस्त केले, पण तिचे म्हणणे बरोबर होते हे वर्गात बोलले नाही. पुढच्या आठवड्यापासून ती यायची थांबली. कारण हेच होते की घरची काही अडचण, हे विचारायला मी गेले नाही.

तेव्हापासून आधी आकृती, मग अंदाज, मग सूत्र. (2, 3) आणि (−4, 11) हे बिंदू आलेखावर मांडले की ते वाय-अक्षाच्या दोन बाजूंना दिसतात आणि आडवे अंतर 2 नव्हे, 6 आहे हे ध्यानात येते. मग त्या दोन बिंदूंमधले अंतर 10 येते. शेकडेवारीतही तेच. हापूसच्या 3000 रुपयांच्या पेटीचा भाव 20 टक्के उतरून पुन्हा 20 टक्के चढला तर तो 2880 होतो, कारण दुसरे 20 टक्के 2400 चे असतात. बागायतदारांची मुलेही येथे 3000 म्हणतात.

यामुळे सरावाची गणिते कमी होतात, हे मला मान्य आहे. पेपर अर्धवट राहिलेली मुलेही माझ्याकडे आहेत, आणि त्यांच्या आईवडिलांना काय सांगावे हे मला अजून सुचलेले नाही. ती मुलगी बंदरावर कधी भेटते, "बाई" म्हणून थांबते, आणि त्या गणिताचा विषय माझ्याकडून अजूनही निघत नाही.