अडीच सूत आणि बारा मुठी

काम ऐकायला अगदी किरकोळ होतं. बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलच्या बोल्टला (काडतूस आत ढकलून नळी बंद करणाऱ्या भागाला) जी दांडी असते, तिच्या टोकाची मूठ करून घ्यायची होती. मूळची मूठ म्हणजे गोटीपेक्षा जरा मोठा, गुळगुळीत गोळा. पालथं झोपून नेम धरलेला, हातात जाड मोजा, अशा वेळी तो हमखास बोटांतून निसटतो. त्यात आमच्या रायफलींमध्ये दांडी वर उचलतानाच फायरिंग पिनची स्प्रिंग दाबली जाते, म्हणजे सगळ्यात जास्त जोर लागतो तो नेमका तेव्हाच. मूठ मोठी आणि थोडी लांब असली की तरफ वाढते आणि खांदा न हलवता बोल्ट उघडता येतो. सोबत नेमबाजी करणाऱ्या आम्हा बाराजणांना तीच मूठ हवी होती. मला लेथवरचं थोडंफार कळतं, या एका अपराधापायी काम माझ्या गळ्यात आलं.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी ठरवून टाकली. मूठ बदलायची, बाकी बोल्टला हात लावायचा नाही. बोल्टच्या तोंडाशी जे लग, म्हणजे बोल्ट अडकवून ठेवणारे दात असतात, ते काडतुसाचा सगळा दाब झेलतात. त्यांची मापं, हेडस्पेस (काडतूस बसायला मिळणारी नेमकी जागा), पोलादाला दिलेलं पाणी, यातलं काहीही हौशी माणसाच्या हाती देण्यासारखं नाही. दांडीचं टोक कापून तिथे आटे पाडण्याचं कामसुद्धा परवाना असलेल्या गनस्मिथनेच केलं. आटे ठेवले 5/16-24 (5/16 इंच व्यास, इंचाला 24 आटे), कारण बाजारात तयार मिळणाऱ्या बहुतेक मुठी त्याच मापाच्या असतात. उद्या माझी मूठ कोणाला आवडली नाही, तर दुसरी बसवता यावी.

मग मुठी करणारा शोधायला निघालो. 12 नग हा आकडा अडचणीचा असतो. एक नग असेल तर कोणीतरी ओळखीखातर करून देतो, हजार असतील तर सगळे धावत येतात. बारा म्हटलं की समोरचा माणूस घड्याळाकडे बघतो. त्याचंही चूक नाही. शेवटी आमचं काम ज्यांनी केलं त्या मिस्त्रींची पहिली अर्धी सकाळ चक (नग घट्ट धरणारा लेथचा भाग), हत्यारं आणि शून्य लावण्यातच गेली. त्यानंतर एकेक नग नऊ-दहा मिनिटांत उतरत होता. बाराच्या जागी चाळीस केले असते तरी ती अर्धी सकाळ तेवढीच राहिली असती.

त्यांच्याआधी एका ठिकाणी नमुन्याचा एक नग करून घेतला होता. ड्रॉइंगवर मी "5/16-24" एवढंच लिहिलेलं. पलीकडून निरोप आला, "अडीच सूत ना? होऊन जाईल." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा अडीच सूत म्हणजे 5/16 हे बरोबरच. मूठ आली, दिसायला देखणी. दांडीवर फिरवली, दोन फेरे लोण्यासारखे गेले आणि तिसऱ्याला गच्च. जोर लावायचा मोह झाला होता, तो आवरला म्हणून गनस्मिथचे आटे वाचले. त्या माणसाने हाताशी असलेला M8×1 चा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) मारला होता. 5/16 इंच म्हणजे 7.94 मिमी, आणि 24 आटे प्रति इंच म्हणजे 1.058 मिमी पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. दोन्ही आकडे 8 आणि 1 च्या इतके जवळ की नुसत्या नजरेला फरक कळत नाही. पण पिचमधला 0.058 चा फरक प्रत्येक आट्याला साचत जातो आणि तिथेच सगळं अडतं.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. ड्रॉइंगवर मोठ्या अक्षरांत "M8 नाही" असं लिहिलं, आणि एक थ्रेड प्लग गेज, म्हणजे भोकातले आटे तपासायचं साधन, मिळवलं. गेजची "गो" बाजू हाताने अलगद तळापर्यंत जायला हवी, "नो-गो" बाजू दोन-तीन फेऱ्यांत अडकायला हवी. गेज असल्यामुळे बोल्ट कुठेही न्यावा लागला नाही. तसाही तो नेणार नव्हतोच. रायफलचा भाग खिशात घालून कारखान्यांच्या पायऱ्या चढायच्या नसतात.

मिस्त्री कमी बोलणारे. ड्रॉइंग पाहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हे धरायचं कुठे?" मूठ शंकूसारखी, मानेशी 14 मिमी, टोकाशी 25, टोक गोल. माझ्या डोक्यात आधी बाहेरचा आकार, मग नग उलटा धरून भोक आणि आटे, असा क्रम होता. त्यांनी मान हलवली. तीन जबड्यांच्या चकमध्ये नग काढून परत धरला की तो दहा शतांश मिलिमीटर इकडेतिकडे बसतोच, आणि मग आटे एका मध्यावर, आकार दुसऱ्या. अशी मूठ दांडीवर फिरवताना डुगडुगते. त्यांनी सळईच्या मोकळ्या तोंडाला आधी फेस मारला, म्हणजे ते सपाट केलं, 20 मिमी खोल भोक पाडलं, 16 मिमीपर्यंत आटे घेतले, त्याच पकडीत मान आणि शंकू उतरवला, आणि मगच नग कापला. गोल टोक तेवढं दुसऱ्या पकडीत, मऊ जबडे लावून. टॅप पिळाच्या खाचांचा होता. भोक आरपार नसल्यामुळे साध्या टॅपने चुरा तळाशी ठेचला जातो. या टॅपने तो चकचकीत स्प्रिंगसारखा वर येत होता आणि मिस्त्री तो ब्रशने झटकत होते.

धातू 6061-T6 अ‍ॅल्युमिनियम. पोलादाची मूठ जवळपास तिप्पट जड झाली असती, आणि एवढं वजन दांडीच्या टोकाला मला नको होतं. नर्लिंगही, म्हणजे पकडीसाठी उठवलेली खरखरीत जाळी, टाळलं. ते फोटोत छान दिसतं, पण मोजे खातं. त्याऐवजी पाच गोल खाचा, प्रत्येक मिलिमीटरभर खोल, कडा मोडलेल्या. बारा नग झाले, बाराही गेजला पास. मी इतका खूश होतो की त्याच दिवशी ते काळ्या हार्ड अ‍ॅनोडायझिंगला पाठवून दिले, म्हणजे विजेने धातूवर कडक थर चढवायला.

परत आले तेव्हा बारापैकी नऊ नगांत "गो" गेज अर्ध्यातच थांबलं.

चूक पूर्णपणे माझी होती. हार्ड अ‍ॅनोडायझिंगचा थर साधारण निम्मा धातूच्या आत जातो आणि निम्मा बाहेर वाढतो. मी 50 मायक्रॉन मागितला होता, म्हणजे प्रत्येक पृष्ठभाग 25 मायक्रॉन फुगला. सपाट जागी याने काही बिघडत नाही. पण 60 अंशांच्या आट्यात उतरत्या बाजूंमुळे हीच वाढ पिच व्यासात (आट्याच्या मधल्या उंचीवरच्या व्यासात) चौपट होऊन उतरते. 25 चे झाले 100, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. या आट्याला मिळणारी एकूण सूटच, म्हणजे मापात चालणारा फरकच, जेमतेम 0.12 मिमी. जे तीन नग गेजला पास झाले, ते आधीच सुटीच्या वरच्या टोकाला होते एवढंच.

नऊ नगांतून हाताने टॅप फिरवावा लागला. तो थर काचेसारखा कडक असतो. चौथ्या नगाला टॅप बोथट झाला, नवा आणला. दुसऱ्या दिवशी दोन नगांच्या भोकातून पांढरा ओघळ आलेला दिसला. तळाशी अडकलेलं आम्ल बाहेर पडत होतं. गरम पाण्यात बुडवून, हवा मारून, पुन्हा बुडवून ते साफ केलं. शिवाय प्रत्येक मुठीच्या शंकूवर एक उघडा ठिपका होता, कारण अ‍ॅनोडायझिंगमध्ये वीज आत जायला कुठेतरी पकड लागतेच आणि ती कुठे लावायची हे मी सांगितलंच नव्हतं. आट्यात अ‍ॅल्युमिनियमचा स्टड घट्ट पिळून नग त्यावरच टांगले असते, तर पकडही झाली असती, आटेही झाकले गेले असते आणि आम्लही आत शिरलं नसतं.

मुठी बसवल्या. साफ केलेल्या आट्यांवर मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकरचा (आटे सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब, पुढे कधी उघडता येईल असा. ठिपक्यांबद्दल दोघांनी कुरकुर केली, बाकीच्यांना ते दिसलेही नाहीत. पालथं झोपून गोळ्या झाडताना मूठ आता तळव्यात आपसूक येते.

यावर समाधान मानायला हवं होतं, पण आता त्याच मंडळींना दुर्बिणीखालची रेल, म्हणजे दुर्बीण बसवायची खाचांची पट्टी, हवी आहे, 20 मिनिटं (कोनाची मिनिटं, अंशाला साठ) उतार असलेली. 150 मिमी लांबीत पुढच्या आणि मागच्या टोकाच्या उंचीत 0.87 मिमीचा फरक. परवा ड्रॉइंग घेऊन मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, खाचेच्या 5.23 मिमी रुंदीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे माप थराच्या आधीचं की नंतरचं?" मी खिशातून पेन काढलं.