पोलिसांच्या आधी कुणीतरी पोचायला हवं

मी दक्षिण लंडनमध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारानंतर रोजचं जगणं पुन्हा जमवायला मदत करणारी. मानसिक आजारातून सावरणाऱ्या लोकांबरोबर काम करते. वॉर्डात नाही, त्यांच्या घरी आणि वस्तीत. ब्रिक्स्टन, कॅम्बरवेल, पेकहॅम हा आमचा भाग. १९४८ मध्ये 'एम्पायर विंडरश' जहाजातून आलेल्या ज्या कॅरिबियन लोकांना राहायला जागा नव्हती, त्यांना क्लॅपहॅमच्या भुयारी निवाऱ्यात ठेवलं होतं. काम शोधायला जवळचं सरकारी केंद्र ब्रिक्स्टनचं, म्हणून बरेच जण त्याच भागात स्थिरावले. पुढे नायजेरिया, घाना, सिएरा लिओनहून कुटुंबं आली. भेंडी आणि रताळी घ्यायला मीही ब्रिक्स्टनच्याच बाजारात जाते.

इथली एक गोष्ट मला अजून पचत नाही. मन बिघडतंय असं वाटलं की माणसाने आधी आपल्या जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे जावं, मग समुपदेशन, गरज पडली तर औषध, अशी इथली वाट आहे. कृष्णवर्णीय तरुण आमच्याकडे येतात ते पुष्कळदा ही सगळी वाट चुकवून, फार उशिरा आणि पोलिसांच्या गाडीतून.

इंग्लंडमध्ये १९८३ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली माणसाला त्याच्या मनाविरुद्ध हॉस्पिटलात ठेवता येतं. कलम २ खाली २८ दिवस, कलम ३ खाली सहा महिने, आणि ती मुदत वाढवताही येते. बोलीभाषेत म्हणतात, 'तो सेक्शन झाला.' २०२२-२३ मध्ये दर लाख गोऱ्या लोकांमागे सुमारे ६४ वेळा असं घडलं, आणि दर लाख कृष्णवर्णीयांमागे सुमारे २२८ वेळा. घरी सोडल्यावरही अटी घालणारा एक आदेश असतो, त्या पाळल्या नाहीत तर परत वॉर्डात बोलावता येतं. त्या आदेशांत तर ही तफावत आणखी मोठी आहे.

'त्यांच्यात हा आजारच जास्त असेल, रक्तातच असेल,' असं मला आपल्याच एका सुशिक्षित माणसाने जेवणाच्या टेबलावर सांगितलं होतं. स्किझोफ्रेनियाचं निदान ब्रिटनमधल्या कॅरिबियन वंशाच्या लोकांत कितीतरी पटींनी जास्त होतं, हे खरं. पण तेच प्रमाण कॅरिबियन बेटांवर जाऊन मोजलं तर तिथे ते तसं दिसत नाही. त्रिनिदादमधला असा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. तो करणाऱ्यांत दिनेश भुग्रा होते, पुण्याच्या एएफएमसीत शिकलेले आणि पुढे ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायकायट्रिस्ट्सचे अध्यक्ष झालेले. बेटावर नाही आणि लंडनमध्ये आहे, तर कारण रक्तात कशाला शोधायचं? ते इथल्या जगण्यात शोधायला हवं: घर, नोकरी, शाळेतून काढून टाकणं, रस्त्यात अडवून झडती घेणं, एकटेपण. आणि आम्ही निदान कसं करतो, त्यातही.

शिवाय भीती आहे, आणि ती दोन्हीकडून आहे. २००२ मध्ये सेन्सबरी सेंटर फॉर मेंटल हेल्थ या संस्थेने हे नीट मांडलं होतं. लोक सेवेला घाबरतात म्हणून शेवटपर्यंत येत नाहीत. येतात तेव्हा आजार इतका वाढलेला असतो की कर्मचारीही घाबरतात आणि बळ वापरतात. ते पाहून पुढचं कुटुंब आणखी घाबरतं.

ही भीती उगाच नाही. ओलासेनी लुइस हा २३ वर्षांचा पदवीधर मुलगा. २०१० मध्ये तो अचानक आजारी पडला, तेव्हा आईवडील स्वतः त्याला मदत मिळावी म्हणून घेऊन गेले. तो आपणहून दाखल झाला होता. हॉस्पिटलात बोलावलेल्या ११ पोलिसांनी त्याला दाबून धरलं, तो कोसळला आणि काही दिवसांत गेला. आईवडिलांनी वर्षानुवर्षं झगडून २०१८ चा कायदा करून घेतला. मानसिक आरोग्य वॉर्डांत बळ वापरलं तर त्याची नोंद ठेवायची, मदतीला येणाऱ्या पोलिसांनी अंगावर कॅमेरा लावायचा, असं तो सांगतो. लोक त्याला 'सेनीचा कायदा' म्हणतात. आमच्या भागात हे नाव माहीत नाही असं घर क्वचितच सापडेल. तिथे गळ्यात ओळखपत्र अडकवून आम्ही दोघं-तिघं दारात उभे राहिलो, तर एखादी आई दार अर्धंच उघडते. तिचं चुकतं असं मला कधी वाटलं नाही.

मग सुधारायचं कसं? मला सगळ्यात आशा वाटते ती एका साध्या कागदाची. माणूस बरा असताना आम्ही त्याच्या स्वयंपाकघरात बसतो आणि पुढच्या वेळी बिघडलं तर काय करायचं ते त्याच्याच शब्दांत लिहितो. एकाने असं लिहवून घेतलं: आधी मावशीला फोन करा, भावाला नको. माझ्या खोलीत एकावेळी एकच माणूस या. अमुक गोळीने माझी जीभ जड होते, ती देऊ नका. मी मोठ्याने बोलतो तेव्हा चिडलेलो नसतो, आमच्याकडे सगळेच असं बोलतात. शेवटचं वाक्य त्याने दोनदा वाचून घेतलं. कारण 'मोठ्याने बोलला' याचं केसपेपरवर 'आक्रमक' होतं, आणि ती नोंद वर्षानुवर्षं त्याच्या आधी प्रत्येक वॉर्डात पोचते. २०२५ च्या नव्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा आधीच लिहून ठेवलेल्या इच्छांना जागा मिळाली आहे. जुन्या कायद्यात 'जवळचा नातेवाईक' कोण ते यादीवरून ठरायचं. आता आपल्या बाजूने बोलणारा माणूस रुग्णाला स्वतः निवडता येईल. अंमलबजावणीला मात्र वर्षं लागणार आहेत.

दुसरी आशा लोक आधीच जिथे बसतात तिथली. शनिवारी इथल्या सलूनमध्ये तीन-तीन तास गर्दी असते. ट्रिमर चालू, फुटबॉल चालू आणि गप्पा चालू. कुणी दोन आठवडे आला नाही, आला तर डोळे वर करत नाही, हे न्हाव्याच्या लक्षात आमच्या आधी येतं. अमेरिकेत आर्कान्सामधून सुरू झालेल्या 'कन्फेस प्रोजेक्ट'ने न्हाव्यांना ऐकून घ्यायचं आणि पुढे कुठे पाठवायचं याचं प्रशिक्षण दिलं आहे. चर्चमध्ये रविवारच्या जेवणालाही तेच करता येतं. ब्रिक्स्टन ज्यात येतं त्या लॅम्बेथमध्ये २०१६ पासून 'ब्लॅक थ्राइव्ह' ही संस्था सेवा कशी चालावी यात कृष्णवर्णीय रहिवाशांचा शब्द चालावा म्हणून धडपडते आहे.

सरकारी बाजूने, मनोविकारतज्ज्ञ सर सायमन वेसली यांच्या समितीने २०१८ मध्ये सुचवलेली वंशसमानतेची चौकट २०२३ मध्ये एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, सगळ्या मानसिक आरोग्य ट्रस्टना (सेवा चालवणाऱ्या संस्थांना) लागू झाली. आकडे जाहीर करा, रुग्ण आणि कुटुंबीयांना निर्णयात घ्या, हे आता ऐच्छिक नाही. मला हे पाऊल मोलाचं वाटतं. पण अर्ध्या दिवसाचं 'सांस्कृतिक जाणीव' प्रशिक्षण देऊन वॉर्ड बदलत नाही. वॉर्ड राउंडला सात जण एका आईसमोर बसले असतील आणि ती काय म्हणते ते कुणी लिहूनच घेत नसेल, तर प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र काय कामाचं?

यात आपणही आहोत. एनएचएसमध्ये भारतातून आलेले डॉक्टर आणि नर्स खूप आहेत, मराठीही बरेच भेटतात. त्या खोलीत आपण बहुतेकदा निर्णय घेणाऱ्यांच्या बाजूला बसलेलो असतो. काळ्या माणसाबद्दल घरून आणलेली धास्ती आपल्यातही असते, आणि इथे तिच्या हाती सही येते. इथे नोकरीला येणाऱ्या मराठी मुलामुलींना मी एवढंच सांगते की पहिल्या महिन्यात एखादा रविवार चर्चच्या जेवणाला जा, आणि केसपेपर उघडण्याआधी त्या माणसाला भेटा.

खरी अडचण पैशाची आहे. सलूनमधला, चर्चमधला उपक्रम वर्षभराच्या 'पायलट'वर, म्हणजे प्रायोगिक निधीवर चालतो. लोकांचा विश्वास बसू लागतो आणि मार्चअखेर निधी संपतो. तेच पुन्हा नव्या नावाने, नव्या माणसांनी सुरू होतं. मोठ्या ट्रस्टला जसं वर्षानुवर्षं बजेट मिळतं, तसं या छोट्या संस्थांना निदान पाच वर्षांचं मिळायला हवं, आणि ते कुठे खर्च करायचं हे त्यांनी ठरवावं. स्थानिक बैठकीत मी प्रत्येक वेळी हेच मांडते, आणि पुढच्या बैठकीतही मांडणार आहे.