गाडी थरथरते, पण नेमकी कधी?

इथं ओहायोत गाडी गॅरेजला गेली की अख्खं घर अडतं. कोलंबस एवढं मोठं, राज्याची राजधानी, पण १९७९ पासून इथं पॅसेंजर ट्रेनच येत नाही, त्यामुळे मुलांची शाळा, ग्रोसरी, डॉक्टर सगळं आमच्या एसयूव्हीवर. ती थरथरायला लागली तेव्हा आम्हा दोघांच्याही पोटात गोळा आला.

पिट्सबर्गच्या वेंकटेश्वर मंदिराला जाताना आय-७० वर झेन्सव्हिल सोडलं की हलके चढ लागतात. तिथं साठ-पासष्ट मैलांच्या स्पीडला, म्हणजे आपले साधारण १०० किमी, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय अगदी हलका ठेवला की सीटखालून घर्रर्र जाणवायचं, टोलनाक्याआधी ते रम्बलर असतात ना, त्यावरून गेल्यासारखं, दोन-तीन सेकंद, आणि परत गाडी गुळगुळीत. जोरात पाय दिला की गायब, ब्रेक मारताना काही नाही, सिग्नलला उभी असताना काही नाही, चेक इंजिनचा दिवाही नाही.

एका गॅरेजवाल्यानं गाडी न चालवताच चारही टायर बदला म्हणून सांगितलं. दुसऱ्यानं थेट गिअरबॉक्स, साडेचार हजार डॉलर! मला याचा मनापासून राग आला, कारण थरथर कधी होते हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही, आणि खरं उत्तर तिथंच असतं.

म्हणजे बघा, ठराविक स्पीडला स्टेअरिंग हलतंय आणि पाय काढला तरी हलतच राहतंय, तर आधी व्हील बॅलन्सिंग आणि टायर बघायचे. फक्त ब्रेक दाबल्यावर हादरे येतात तर डिस्क. पिकअप घेताना, गाडीवर जोर असताना थरथर आणि पाय काढला की बंद, तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट. आणि इंजिन मिसिंग मारत असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नसेल, तर ते वेगळं कळतं, गचके येतात, बहुतेक वेळा चेक इंजिन लागतो, आणि तो दिवा उघडझाप करत असेल तर तशीच गाडी दामटू नका, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो. १९९६ पासून अमेरिकेत विकलेल्या सगळ्या कारना डॅशबोर्डखाली ओबीडी-टू सॉकेट असतं, साधा स्कॅनर लावला की कोड दिसतात, P०३०० आणि त्यापुढचे काही कोड मिसिंगचे. आमच्या गाडीत एकही कोड नव्हता.

शेवटी ऑफिसमधल्या एकानं गावाबाहेरच्या एका वयस्कर मेकॅनिककडे पाठवलं. त्यांनी डायग्नोसिसचे पैसे आधीच सांगितले, इथं निदानाचे वेगळे पैसे घेतात आणि चांगल्या माणसाला ते द्यावेतच. मी सगळं सांगितलं, स्पीड, चढ, पाय किती दाबलेला. ते स्वतः चालवायला बसले, स्कॅनर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, या आकड्यावर लक्ष ठेव. तो होता टॉर्क कन्व्हर्टरच्या स्लिपचा, म्हणजे त्याच्या इंजिनकडच्या आणि गिअरबॉक्सकडच्या बाजूच्या फिरण्यातल्या फरकाचा. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये ऑइलनं भरलेलं हे मोठं भांडं असतं, एकसारख्या स्पीडला आतला क्लच लॉक होतो, म्हणजे पेट्रोल कमी लागतं. लॉक झाल्यावर तो आकडा शून्याजवळ नाहीतर थोडासाच असायला हवा, पण थरथर सुरू झाली की आमचा नुसता वर-खाली उड्या मारत होता. मग मागे कोणी नाही असं बघून, अ‍ॅक्सिलरेटर तसाच ठेवून, त्यांनी ब्रेकला डाव्या पायानं नुसता स्पर्श केला, फक्त ब्रेकलाइट लागेल इतकाच. त्यानं लॉक सुटतो. थरथर तिथल्या तिथं थांबली. पाय काढला, लॉक बसला, परत घर्रर्र. मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू!

कारण होतं गिअरबॉक्सचं ऑइल. नवं असताना लालभडक असतं, आमचं चहासारखं निघालं, जळकट वास. ऑइल थकलं की क्लच धड पकडत नाही, पकडतो-सुटतो-पकडतो, तीच थरथर. आणि नुसतं खालून ड्रेन करून भागत नाही, कारण बरंचसं ऑइल कन्व्हर्टरमध्येच राहतं, म्हणून त्यांनी मशीन लावून सगळं बदललं, कंपनीनं सांगितलेल्याच ग्रेडचं, आणि ऑइल ठराविक तापमानाला आणून लेव्हल बघितली, कारण आमच्या गाडीला डिपस्टिकच नाही. खर्च चारशे डॉलरच्या आत. पुढचे काही दिवस थोडी घरघर होती, मग पूर्ण गेली. क्लचच झिजला असता तर ऑइलनं भागलं नसतं, कन्व्हर्टर बदलावा लागला असता, हेही त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलेलं.

आता घरच्यांसाठी. दादानं नुकतीच ऑटोमॅटिक घेतली म्हणून मुद्दाम लिहितेय. एक्सयूव्ही ७००, स्कॉर्पिओ-एन यांच्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, तिथं ही ब्रेकची खूण चालेल, पण ती जाणत्या मेकॅनिकलाच करू द्या, आपल्या हायवेवर स्वतः नको. एएमटी (क्लच-गिअर मशीनच बदलतं अशी) किंवा डीसीटी (दोन क्लचवाली) असेल तर तिथं टॉर्क कन्व्हर्टर नसतो, सिग्नलवरून निघताना थरथरली तर आधी क्लच बघायला सांगा. ऑइल ‘लाइफटाइम’ आहे असं शोरूमवाला म्हणाला तरी मॅन्युअलमध्ये घाट, ट्रॅफिक, जास्त लोड यासाठी वेगळं शेड्यूल दिलंय का ते शोधा. दादा, तू दर आठवड्याला पुणे-सातारा करतोस, मध्ये खंबाटकी आहे, तुझं पान ते.